पन्नास युनिटांत चार शर्यती: तिकीट कसं बांधावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोड्यांच्या चार शर्यतींचा पूल (सगळ्यांचे पैसे एकत्र होऊन जिंकणाऱ्यांत वाटले जातात ती पैज), चारही विजेते बरोबर यायला हवेत. दिवसाला पन्नास युनिट एवढाच खर्च करायचा, युनिट म्हणजे एका कॉम्बिनेशनचा (प्रत्येक शर्यतीतला एकेक घोडा धरून होणाऱ्या जोडणीचा) किमान दर. विचारणारे गृहस्थ प्रत्येक शर्यतीत दोन-तीन घोडे घेतात. तीन शर्यती बरोबर येतात आणि चौथीत नेमका यादीतला पाचवा घोडा मारून जातो. "घोडे ओळखता येतात, तिकीट बांधता येत नाही," असं त्यांचं म्हणणं.

मी असली तिकिटं बरीच वर्षं बांधतोय आणि त्यातली बहुतेक शेवटी फाडली आहेत, हे आधी सांगून टाकतो. या पुलांमध्ये नेहमी जिंकणारा कोणी नसतो. अधूनमधून एक मोठा डिव्हिडंड (लागलेल्या तिकिटावर मिळणारी रक्कम) येतो आणि बाकीचे दिवस कोरडे जातात. म्हणून पन्नास युनिट म्हणजे गेले तरी घरात कोणाला कळणार नाही असे पन्नास युनिट, असं धरून पुढचं वाचा.

तुमची अडचण घोड्यांच्या निवडीत नाही, वाटणीत आहे. प्रत्येक शर्यतीत जवळपास सारखेच घोडे घेणं म्हणजे सगळ्या शर्यती सारख्याच अवघड आहेत असं म्हणणं. तशा त्या नसतात. हे आकड्यांत मांडल्याशिवाय पटत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ.

समजा पहिल्या शर्यतीत एक घोडा स्पष्ट सरस आहे. तुमच्या मते त्याची जिंकण्याची शक्यता ५० टक्के, दुसऱ्याची १५, तिसऱ्याची १०. दुसऱ्या शर्यतीत ३०, २०, १५, १० अशी उतरण आहे. तिसरीत दोघांचाच सामना, ३५ आणि २५, त्याखाली एकदम १०. चौथी बारा घोड्यांची हँडिकॅप (सरस घोड्यांना जास्त वजन देऊन सगळ्यांना एका पातळीवर आणलेली शर्यत): १८, १५, १३, १२, १०, ८, ७, ६ आणि उरलेल्या चौघांत मिळून ११.

सवयीनं ३×२×२×४ असं (म्हणजे चार शर्यतींत अनुक्रमे तितके घोडे घेऊन) तिकीट बांधलं तर ४८ कॉम्बिनेशन होतात. चारही बरोबर येण्याची शक्यता ०.७५ × ०.५० × ०.६० × ०.५८, म्हणजे साधारण १३ टक्के. आता १×३×२×८ करून बघा. खर्च तोच, ४८. शक्यता ०.५० × ०.६५ × ०.६० × ०.८९, म्हणजे १७ टक्क्यांच्या थोडी वर. एकही जास्तीचं युनिट न घालता इतका फरक पडला, कारण पहिल्या शर्यतीतले दोन कमकुवत घोडे काढून ती जागा दुसरीला आणि चौथीला दिली. ज्या पाचव्या घोड्यानं तुम्हाला दरवेळी मारलं, तो आता तिकिटावर आहे.

हे डोक्यात करायची एक सोपी रीत आहे. एखाद्या शर्यतीत आणखी एक घोडा घ्यावा का, हे ठरवताना त्याची शक्यता आधी घेतलेल्या घोड्यांच्या सरासरीशी ताडून बघा. पहिलीत ५० वाला घेतल्यावर पुढचा १५ चा, म्हणजे सरासरीच्या ०.३० पट. तिसरीत दोघांची सरासरी ३०, पुढचा १० चा, ०.३३ पट. चौथीत सहा घोडे घेतल्यावर सरासरी १२.७ आणि सातवा ७ चा, तरी ०.५५ पट. जिथे हा आकडा मोठा, तिथे पुढचं युनिट घाला. उतरण तीव्र असेल तिथे थांबा आणि सपाट असेल तिथे पसरा. किती घोडे धावतायत यावरून हे ठरत नाही. पाच घोड्यांची शर्यत चौघं एकसारखे असले की बारा घोड्यांच्या शर्यतीपेक्षा वाईट. हँडिकॅप मात्र बहुधा पसरूनच खेळावी लागते, कारण सगळे एका रेषेत यावेत म्हणूनच तिथे वजनं लादलेली असतात. पहिल्यांदाच धावणारे घोडे जास्त असतील तिथेही तेच. फॉर्मच नाही, तर मत कशाच्या जोरावर बनवणार?

इथवरचं गणित फक्त तिकीट लागण्याचं झालं. पैशाचं गणित वेगळं, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते.

टोटवर (रेसकोर्सवरच्या अशा पुलांवर) तुम्ही बुकीविरुद्ध खेळत नाही, बाकीच्या पंटरांविरुद्ध, म्हणजे पैज लावणाऱ्यांविरुद्ध खेळता. १८६७ च्या सुमारास पॅरिसमध्ये जोसेफ ओलेरनं ही पद्धत काढली (हाच पुढे मूलँ रूजच्या संस्थापकांपैकी एक झाला). तेव्हापासून तत्त्व बदललेलं नाही: सगळ्यांचे पैसे एकत्र करायचे, ठरलेली कपात काढायची आणि उरलेले बरोबर आलेल्यांत वाटायचे. म्हणजे तुमचं तिकीट लागलं तर किती मिळेल, हे तुमच्यासारखंच तिकीट आणखी किती जणांकडे आहे यावर ठरतं. चारही फेव्हरिट (ज्यांच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत ते घोडे) आले की तिकीट लागतं आणि डिव्हिडंड बघून वाटतं, याच्यापेक्षा घरी बसलो असतो तर बरं.

या पुलांचा एक खरा फायदा आहे तो कपातीचा. 'विन'च्या (एकाच शर्यतीचा विजेता ओळखायच्या) पुलात २० टक्के कपात असेल आणि तुम्ही चार शर्यती एकामागून एक, जिंकलेले पैसे पुढे लावत खेळलात, तर ती कपात चारदा बसते. ०.८ चा चौथा घात साधारण ०.४१ होतो. रुपयातले ४१ पैसेच शेवटपर्यंत टिकतात म्हणा. चार शर्यतींच्या पुलात कपात २५ टक्के असली तरी ती एकदाच बसते आणि ७५ पैसे उरतात. पण हा फायदा मिळतो तो तुम्ही खरोखर चारही शर्यतींत काही मत धरून असाल तरच. एकाच शर्यतीत मत असेल तर सरळ 'विन' खेळा. मी कित्येकदा तसंच करतो.

आता मूळ मुद्दा. वरच्या उदाहरणात पहिलीतला फेव्हरिट एकटा धरायचा की १५ टक्क्यांचा दुसरा घोडाही सोबत घ्यायचा? दुसरा लागण्याची शक्यता फेव्हरिटच्या ०.३० पट आहे. म्हणजे तो आला तर डिव्हिडंड किमान ३.३ पट मोठा हवा, नाहीतर त्याच्यावर घातलेलं युनिट फेव्हरिटवरच्या युनिटापेक्षा कमी कामाचं. लोकांचा अंदाज तुमच्यासारखाच, ५० आणि १५ असेल, तर डिव्हिडंड बरोबर तितकाच वाढेल. फायदा नाही, तोटाही नाही. पण लोक फेव्हरिटवर ६० टक्क्यांच्या भावानं तुटून पडले असतील आणि तुम्हाला तो ५० चाच वाटत असेल, तर दुसऱ्या घोड्याचं वजन वाढतं. उलट तुम्हाला तो ६० चा वाटतोय आणि लोक त्याला ४५ चाच मानतायत, तर बिनधास्त एकटा धरा आणि मागे वळून बघू नका.

म्हणून बँकर (शर्यतीत एकटाच धरायचा घोडा) निवडताना "हा जिंकेल का?" हा अर्धाच प्रश्न. "तो जिंकेल असं लोकांना माझ्यापेक्षा जास्त वाटतंय की कमी?" हा उरलेला अर्धा. 'विन'च्या बोर्डावरचे भाव पाहून लोकांचं मत बऱ्यापैकी कळतं. जगभरच्या ट्रॅकवर फेव्हरिट साधारण तिनातली एक शर्यत जिंकतो, तेव्हा बोर्डावर पहिला आहे एवढ्यावरून कोणी बँकर होत नाही. माझ्या लेखी बँकरला तीन गोष्टी लागतात: याच अंतरावर याच वर्गात चांगलं धावून दाखवलेलं असावं, शर्यतीच्या वेगाशी त्याचं जमणारं असावं (पुढून धावणारा एकटाच असेल तर उत्तम), आणि तो हरायला एखादा चांगला घोडा पुरू नये, दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागाव्यात. यातलं एक नसलं तर तो फक्त चांगला घोडा.

एका तिकिटाऐवजी अनेक तिकिटं करणं ही दुसरी युक्ती, आणि कमी पैशांत हिचा उपयोग सगळ्यात जास्त. घोड्यांचे दोन गट करा, पक्के आणि राखीव. पक्के म्हणजे ज्यांच्यावर तुमचं मत उभं आहे. राखीव म्हणजे पक्क्यांपैकी कोणी पडलं तर चालतील असे. वरच्याच शर्यती घेतल्या तर पहिलीत एक पक्का, एक राखीव. दुसरीत दोन पक्के, दोन राखीव. तिसरीत दोन आणि एक. चौथीत तीन आणि दोन. सगळे एकाच तिकिटावर कोंबले तर २×४×३×५, म्हणजे १२० युनिट. परवडत नाही.

त्याऐवजी पाच तिकिटं करा. पहिलं फक्त पक्क्यांचं: १×२×२×३, १२ युनिट. मग दरवेळी एकाच शर्यतीत राखीव घ्यायचे आणि बाकी तिन्हींत पक्के. पहिलीत राखीव: १×२×२×३, बारा. दुसरीत राखीव: १×२×२×३, पुन्हा बारा. तिसरीत: १×२×१×३, सहा. चौथीत: १×२×२×२, आठ. बेरीज ५०. लागण्याची शक्यता १७ टक्क्यांच्या आतबाहेर, १२० युनिटांच्या तिकिटाची २३. निम्म्याहून कमी पैशांत पाऊण शक्यता हातात आली. वगळलं गेलं ते इतकंच, की दोन शर्यतींत एकदम राखीव घोडे येणं. तेही येतात, आणि त्या दिवशी चुटपुट लागते. पण दोनदा चुकलेल्या दिवसासाठी ७० युनिट मोजणं मला पटत नाही.

१×३×२×८ च्या तिकिटाची शक्यताही एवढीच होती, मग फरक काय? तिथे पहिलीतला फेव्हरिट पडला की खेळ संपला. इथे तो पडला तरी एक तिकीट जिवंत राहतं, आणि त्या वेळी बाकीच्यांची भरमसाट तिकिटं मेलेली असतात. उलट इथे हँडिकॅपमधला सहावा-सातवा घोडा सुटतो. कुठली रचना घ्यायची हे तुमचं अविश्वासाचं ठिकाण कुठे आहे यावर ठरवा. फेव्हरिटबद्दल शंका असेल तर पाच तिकिटं, चौथ्या शर्यतीबद्दल काहीच कळत नसेल तर एक रुंद तिकीट.

आणखी एक मधला मार्ग आहे, जो मला स्वतःला जास्त आवडतो. फेव्हरिटवर पूर्ण विश्वास असेल तर पहिल्या शर्यतीचं राखीव तिकीट रद्द करा आणि वाचलेले १२ युनिट पक्क्यांच्या तिकिटावर पुन्हा लावा. मूळ मत बरोबर आलं तर डिव्हिडंड दोनदा. लोक विमा काढण्यात इतके गुंततात की मत बरोबर आलेल्या दिवशी त्यांच्याकडे एकच युनिट असतं, आणि ते मिळालेले पैसे बाकीच्या मेलेल्या तिकिटांचा खर्चच भागवतात.

रचनेवरून माणसाचं मत कसं वाचता येतं याचं एक जगजाहीर उदाहरण आहे. २६ ऑक्टोबर २००२, शिकागोजवळचं आर्लिंग्टन पार्क, ब्रीडर्स कप या अमेरिकेतल्या मोठ्या शर्यतींचा दिवस. सहा शर्यतींचा पिक सिक्स, म्हणजे सहाही विजेते ओळखायचा पूल. शेवटची 'क्लासिक' नावाची शर्यत ४३ ला १ चा (एकाला त्रेचाळीस भावाचा) व्होलपोनी जिंकला आणि कळलं की सहाही विजेते बरोबर असलेली सगळी तिकिटं एकाच खात्यातली आहेत. तिकिटावर पहिल्या चार शर्यतींत एकेकच घोडा होता, त्यातला डोमड्रायव्हर २६ ला १ चा आणि स्टारीन १३ ला १ ची. शेवटच्या दोन शर्यतींत मात्र सगळेच्या सगळे, आठ आणि बारा. ९६ कॉम्बिनेशन, प्रत्येकी १२ डॉलर, एकूण ११५२. रक्कम तीस लाख डॉलरच्या वर होत होती. जुन्या पंटरांनी लगेच भुवया उंचावल्या. ज्याला २६ ला १ चा घोडा एकटा धरण्याइतकी खात्री आहे, त्याला शेवटच्या दोन शर्यतींत एकही घोडा वगळता येत नाही? पुढे उघड झालं की टोटची यंत्रणा सांभाळणाऱ्या कंपनीतल्या एका प्रोग्रॅमरनं पहिल्या चार शर्यतींचे निकाल लागल्यावर तिकीट आतून बदललं होतं. तिघांना तुरुंगवास झाला. प्रामाणिक तिकीट असं दिसत नाही. त्यात खात्री आणि शंका एकाच डोक्यातून आलेल्या असतात.

'ऑल'चा, म्हणजे शर्यतीतले सगळे घोडे घेण्याचा विषय निघालाच आहे तर. आपल्या चौथ्या शर्यतीत आठऐवजी बाराही घोडे घेतले तर तिकीट ४८ वरून ७२ वर जातं आणि शक्यता साडेसतरावरून साडेएकोणीस. २४ युनिट देऊन दोनच टक्के. "पण लांबचा घोडा आला तर केवढं मिळेल!" हो, पण लांबचे घोडे लोकांनाही आवडतात. १९४९ मध्येच अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रिफिथनं आकडे मांडून दाखवलं होतं की लांबच्या घोड्यांवर त्यांच्या खऱ्या शक्यतेपेक्षा जास्त पैसे लागतात आणि जवळच्यांवर कमी. लांबचा घोडा कारण असेल तर घ्या: अंतर बदललंय, आधीच्या शर्यतीत अडकला होता, जॉकी बदललाय. नुसता भाव मोठा आहे म्हणून घेऊ नका.

शर्यतींच्या क्रमाचाही थोडा विचार करा. पहिल्या शर्यतीचे घोडे तुम्ही पॅडॉकमध्ये (शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे) बघू शकता, भाव शेवटच्या मिनिटापर्यंत दिसतात. चौथीच्या वेळेपर्यंत पाऊस येऊ शकतो, ट्रॅक जड होऊ शकतो, घोडा मागे घेतला जाऊ शकतो. म्हणून बाकी सगळं सारखं असेल तर एकटा घोडा आधीच्या शर्यतीत धरा आणि पसरा नंतर. बरेच जण उलट करतात, कारण शेवटच्या शर्यतीत आठ घोडे घेऊन उभं राहण्यापेक्षा एकाच्या नावानं ओरडण्यात मजा असते. मजा हवी असेल तर तसं करा, त्याची किंमत मात्र माहीत असू द्या.

घोडा मागे घेतल्यास काय होतं हे तुमच्या ट्रॅकच्या नियमात आधी वाचा. अनेक ठिकाणी त्याच्या जागी फेव्हरिट आपोआप धरला जातो. फेव्हरिट तुमच्याकडे आधीच असेल तर तो दोनदा लागतो, आणि नसेल तर तुम्ही मुद्दाम वगळलेला घोडा तिकिटावर येऊन बसतो. दोन्ही गोष्टी रचनेत धरायला हव्यात.

आणि तिकीट हातात पडलं की खिडकीसमोरच वाचा. एकदा मी घाईत "तिसऱ्यात चार, सात" म्हणालो आणि तिकिटावर ते चौथ्या शर्यतीत छापलं गेलं. मी न बघता घडी घालून खिशात टाकलं. तिसरी सात नंबरनं जिंकली, मी शेजारच्याला टाळी दिली आणि चौथीचे नंबर बघायला घडी उघडली. तिसऱ्याच्या ओळीत दोन आणि नऊ होते. चूक खिडकीपलीकडच्या माणसाची म्हणून भांडायला गेलो असतो तर हसं झालं असतं, आणि तसंही वाचायचं काम माझंच होतं.

सहा शर्यतींचे मोठे पूल आणि कॅरी ओव्हर यांबद्दल थोडक्यात. आधीचे न लागलेले पैसे पुढे आले की कपात भरून निघू शकते. १०० मागचे, ३०० नवे, नव्यावर २५ टक्के कपात म्हणजे ७५, तर वाटायला ३२५ राहतात, लावलेल्यापेक्षा जास्त. ऐकायला गोड आहे. पण सहा शर्यतींत पन्नास युनिट म्हणजे १×१×२×२×३×४, दोन एकटे घोडे आणि तरीही चार जागी धाकधूक. एकट्यानं खेळण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून खेळा, आणि तिकीट काढण्याआधी कोणाचा किती वाटा हे कागदावर लिहा. जवळच्या मित्रांमध्ये तर आधी लिहा.

कोरड्या दिवसांचं गणितही करून ठेवा. शक्यता १७ टक्के असली तरी ओळीनं दहा तिकिटं रिकामी जाण्याची शक्यता १५ टक्क्यांच्या आसपास आहे. दहा वेळा पन्नास, पाचशे युनिट, आणि तुम्ही काहीही चुकीचं केलेलं नाही. अकराव्या दिवशी तिकीट मोठं करावंसं वाटतं. मी ते केलेलं आहे, म्हणून सांगतो की त्या दिवशीचं तिकीट शर्यती बघून बांधलेलं नसतं, आधीचा तोटा बघून बांधलेलं असतं. हात थांबत नसेल तर तो हंगाम तिथेच सोडून द्या.

शेवटी एक काम करा. मागची वीस तिकिटं शोधा आणि प्रत्येक शर्यतीपुढे लिहा की जिंकलेला घोडा तुमच्या यादीत कितवा होता. पहिला, दुसरा, पाचवा, की यादीतच नव्हता. शर्यतीचा प्रकारही लिहा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. ज्यांना मी पन्नास टक्के समजून एकटं धरत होतो ते दहात चारदाच जिंकत होते. आणि लांब अंतराच्या शर्यतींत, जिथे मी भीतीनं चार-चार घोडे घेत होतो, तिथे जिंकणारा जवळजवळ नेहमी माझ्या यादीतला पहिला किंवा दुसराच निघत होता. ते जास्तीचे दोन घोडे मी तेव्हापासून हँडिकॅपकडे वळवले.